मिठाचं खोगीर

१

फुरसतच्या पाठीवर त्या सकाळी मिठाचं खोगीर होतं.

खरं खोगीर नव्हे. घोड्याला घाम येतो, आणि तो वेळेवर धुतला-पुसला नाही की वाळून त्याचं पांढरं मीठ अंगावर राहतं. फुरसत काळपट तपकिरी घोडी. तिच्या पाठीवर खोगिराचा अख्खा आकार खडूने काढल्यासारखा उमटला होता, पोटाखालच्या पट्ट्यासकट. शुक्रवारची सकाळ होती. रविवारी तिची शर्यत होती. आणि शुक्रवारी तिला कुणी ठाणाबाहेर, तिच्या बांधायच्या जागेबाहेरसुद्धा काढायचं नाही, असा माझ्या भाच्याचा सक्त हुकूम होता.

"कोण बसलं होतं हिच्यावर?"

भाचा एवढ्या जोरात ओरडला की माझ्या हातातला चहा बशीत आला. मी धावत खाली आले. धावत म्हणजे माझ्या वयाला शोभेल इतपत.

आमचा तबेला छोटा. भाचा शर्यतीचे घोडे तयार करतो, सगळे त्याला मास्तर म्हणतात. मी त्याची आत्या. दाण्याच्या खोलीवर माळा आहे, तिथे मी आणि माझं शिलाई मशीन राहतो. जॉकींची रंगीत जाकिटं, घोड्यांच्या झुली, कामकऱ्यांच्या पँटी, जे फाटेल ते माझ्याकडे येतं. घोड्यांचं माझं ज्ञान विचाराल, तर घोड्याच्या मागून आणि साहेबाच्या पुढून जाऊ नये, इथे संपतं.

ठाणाच्या दाराशी मोतद्दार उभे होते. मोतद्दार म्हणजे घोड्याचं खाणंपिणं, मालीश, झोप सगळं बघणारा माणूस. फुरसत शिंगरू होती तेव्हापासून हे तिच्या ठाणाशेजारी खाट टाकून झोपतात. सगळे त्यांना काका म्हणतात. मीही म्हणते, ते माझ्याहून लहान असले तरी. काकांची ख्याती अशी की ते बोलत नाहीत, आणि बोलले तर खोटं बोलत नाहीत.

"काका, कडी तुटलेली नाही. तुम्ही इथंच होतात. कुणी नेलं तिला?" भाच्याने विचारलं.

काकांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "तिला कुणी नेलं नाही, मास्तर. ती आपणहून गेली."

"आपणहून? आणि खोगीरही आपणहून चढलं का पाठीवर?"

भाच्याचा पारा चढलेलाच होता, तो आता भांड्याबाहेर आला.

"कुणीतरी गुपचूप तिला पळवून तिचा वेग मोजलाय. नाहीतर रविवारच्या आधीच तिचा दम काढलाय. आणि तुम्ही माझी थट्टा करताय? संध्याकाळी हिच्या मालकीणबाई येणारेत. तोवर एक तर नाव सांगा, नाही तर सामान आवरा."

काका म्हणाले, "सामान आवरतो."

दाण्याच्या खोलीच्या दारात माझी भाची, मास्तरांची धाकटी बहीण, डावा पाय उलट्या बादलीवर टाकून ओट मोजत बसली होती. तिच्या हातातलं माप भरून सांडत होतं, तरी ती ओतत होती. एके काळी ही पोर वाऱ्यासारखी घोडे पळवायची. मग एका शर्यतीत पडली. डॉक्टरांनी बंदी घातली, भावाने शपथ घातली, आणि तिने स्वतःच सांगून टाकलं, "माझ्यासमोर घोड्याचं नाव काढू नका." तेव्हापासून ती दाण्याच्या खोलीतून बाहेर येत नव्हती.

मला काकांचं वाक्य खटकलं होतं. न बोलणारा माणूस बोलतो तेव्हा शब्द मोजून-मापून बेततो. हे कापड वेडंवाकडं कापलेलं नव्हतं. मलाच ते उलटं धरल्यासारखं वाटत होतं.

२

पहिला संशय जॉकीवर. त्याला आम्ही छटाक म्हणतो. एवढासा माणूस, पण तोंड किलोभर. दुसऱ्या एका मोठ्या तबेल्याकडून त्याला बोलावणं आलंय, हे सगळ्यांना माहीत होतं. तिथली घोडी रविवारी फुरसतसोबतच धावणार होती.

मी त्याला जाकीट बेतायला बोलावलं. माणसाला स्टुलावर उभं करावं, हात आडवे करायला लावावेत आणि आपल्या तोंडात टाचण्या धराव्यात. मग तो माणूस थापा मारत नाही. हलायची सोय नसते ना.

"छटाक, पहाटे कुठे होतास?"

"पळत होतो, आत्या. अंगात दोन स्वेटर घालून. रविवारच्या आत वजन उतरवायचंय. दूधवाल्याला विचारा, त्याच्या सायकलीपुढे होतो."

"फुरसतला थकवून तुझा फायदा होता म्हणतात लोक."

"माझा?" तो इतक्या जोरात वळला की एक टाचणी त्याला टोचली. "आई गं! आत्या, रविवारी मीच बसणारे तिच्यावर. हरलो तर नाव माझंच खराब. आणि ती हल्ली मला बसू तरी कुठे देते?"

"म्हणजे?"

"वाकड्यात शिरलीये. हे बघा, घोड्यावर डावीकडून चढायचं असतं. मास्तर डाव्या बाजूला वाकून हाताची ओंजळ करतात, आपण डावा पाय गुडघ्यात दुमडून त्यात द्यायचा, ते वर उचलतात. रोजचंच काम आहे. पण हल्ली आम्ही जवळ गेलो की ही बया गर्रकन फिरते आणि उजवी बाजू पुढे करते. मास्तर वाकलेले, माझा पाय दुमडलेला, आणि समोर घोडीची भलतीच कूस. महिनाभर हेच चाललंय. पाठ दुखत असेल म्हणून डॉक्टरला दाखवली. पाठ ठणठणीत."

"डावीकडूनच का चढायचं?"

छटाकने डोकं खाजवलं. "डावीकडूनच चढतात. घोड्यांना तशीच सवय लावतात. आमच्या आज्ज्याच्या आज्ज्यापासून."

म्हणजे त्यालाही माहीत नव्हतं. मी टाचण्या काढल्या. दंडाला जाड अस्तर लावायचं होतं म्हणून जाड सुई शोधली, तर डबीत ती नव्हती. परवापासून सापडत नव्हती. माझ्या डबीला हात लावायची या तबेल्यात कुणाची छाती नाही. मी चार शिव्या मनातल्या मनात घातल्या आणि अस्तर पुढे ढकललं.

छटाक जाता जाता दारात थांबला. "आत्या, मला विचाराल तर वाळूच्या ट्रॅककडे जा. नालबंद मघापासून तिथं खाली बघत उभाय. जमिनीत काहीतरी दिसलंय त्याला."

३

नालबंद घोड्यांना नाल ठोकतो आणि गावभरच्या गप्पा ठोकतो. त्याला पैज लावायचा नाद आहे, त्यामुळे संशय त्याच्यावरही होताच. पण मी पोचले तेव्हा तो वाळूत उकिडवा बसून स्वतःच कोडं सोडवत होता.

"या आत्याबाई. बघा, फुरसतच्याच खुणा. परवा मीच नवे नाल मारलेत तिला. पण मास्तर म्हणतात तसं काही झालेलं नाही."

"कसं?"

"घोडा पळाला की वाळू मागं उडते, खड्डे पडतात. इथं उडालेली कणभर वाळू नाही. पुढच्या पायाच्या खुणेशी मागचा पाय अलगद पडलाय. आख्खा फेरा, चालत." तो उठला आणि गुडघे झाडले. "वेग मोजणारा माणूस घोडी चालवील कशाला? हिला कुणीतरी फिरायला नेलंय."

"मग एवढा घाम?"

"खाली जाड गादी, वर खोगीर, पायाखाली खोल वाळू. त्यात ऊन वर येईपर्यंत खोगीर काढलेलं नसणार. घाम यायला पळावं लागत नाही, आत्याबाई. तुम्ही जिना चढलात की तुम्हालाही येतो."

हा टोमणा मी नंतरसाठी बाजूला ठेवला. तो मला ट्रॅकच्या लांबच्या वळणाशी घेऊन गेला. तिथून तबेल्याकडे येताना घोडीच्या खुणांशेजारी माणसाची पावलं होती. जाताना नव्हती, येताना होती.

"इथं उतरला तो," नालबंद म्हणाला. "आणि पुढं घोडी हातात धरून पायी आला. आता हे बघा, आणि मला बोल लावू नका."

एक पाऊल नीट, खोल. दुसरं फरफटलेलं. एक नीट, एक फरफटलेलं. पार दारापर्यंत.

"लंगडा माणूस आहे," तो हळूच म्हणाला.

काका लंगडतात. लाथ बसली होती त्यांना, वर्षं झाली. मी त्यांना सोडवायला निघाले होते आणि दोरी आणखी घट्ट करून बसले होते.

तबेल्याच्या मागच्या दाराशी गाजरांचं एक रिकामं लाकडी खोकं पालथं पडलं होतं. पडलं होतं कसलं, बसवलं होतं. त्याच्या कडा जमिनीत रुतल्या होत्या. रोज त्यावर भार पडत असला पाहिजे. घोडी ट्रॅककडे तोंड करून उभी राहते तिथे तिच्या पायांनी जमीन घट्ट झाली होती. मी त्याच जागी, त्याच दिशेला तोंड करून उभी राहिले. नालबंद माझ्याकडे बघून हसत होता. मी हसले नाही, कारण खोकं माझ्या उजव्या हाताला होतं.

४

तिथून मी तडक खोगिरांच्या खोलीत गेले. चामड्याचा आणि तेलाचा वास, भिंतीभर खुंट्या. फुरसतचं रोजच्या सरावाचं खोगीर खाली काढून मी मांडीवर घेतलं.

खोगिराच्या दोन्ही बाजूंना पट्टे लोंबतात आणि पट्ट्यांना पाय ठेवायच्या रिकिबी असतात. पट्ट्याला भोकं असतात, माणसाच्या पायाप्रमाणे पट्टा आखूड-लांब करता येतो. आत्ता दोन्ही पट्टे सारखेच, आखूड होते, छटाकच्या मापाचे. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, काही बदललेलं नाही.

पण पँट लांब केली की जुन्या घडीची रेघ जात नाही, हे ज्याने कधी दुमड उसवलीये त्यालाच माहीत. इस्त्री करा, पाणी मारा, रेघ राहते. चामड्याचंही तेच असतं. उजव्या पट्ट्यावर बक्कल बसतं तिथे एकच घडी होती. डाव्या पट्ट्यावर दोन होत्या. दुसरी वीतभर खाली, ताजी.

म्हणजे जो बसत होता, तो उजवा पाय दुमडून बसत होता आणि डावा लांब सोडून. बसून झालं की पट्टा होता तसा करून ठेवत होता. डावा गुडघा ज्याचा दुमडत नाही, असा माणूस. असा माणूस डावा पाय वर घेऊन डावीकडून घोड्यावर चढेल कसा? तो उजवीकडूनच चढणार, खोक्यावरून. महिनाभर रोज सकाळी कुणी उजवीकडून चढत असेल, तर बिचारी घोडी उजवी बाजूच पुढे करणार ना! ती वाकड्यात शिरली नव्हती. शिकवलेलं शहाण्यासारखं करत होती.

मी काकांकडे गेले. ते खाटेवर गाठोडं बांधत होते. वस्तू फारशा नव्हत्या. वर फुरसतची जुनी, लहानपणची झूल होती, मीच शिवलेली.

"काका, तुमची पँट मी कुठल्या पायाला आखूड करते?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माणूस हुशार आहे, प्रश्न कुठे चाललाय ते त्यांना लगेच कळलं.

"उजव्या," ते नाइलाजाने म्हणाले.

"वाळूतला फरफटलेला पाय डावा आहे. मी वाकून बघितलाय. लंगडा म्हटल्यावर सगळे तुमच्याकडे बघतील, कुठला पाय ते कुणी विचारणार नाही, यावर भिस्त ठेवून बसलात होय?"

"आत्या," काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा हलला, "उसवू नका. माझं काय, मी कुठंही चार घोड्यांना दाणा घालीन. तिला दुसरं काही नाही हो."

ते "तिला" म्हणाले तेव्हा त्यांचे डोळे ठाणाकडे नव्हते. ते दाण्याच्या खोलीच्या दाराकडे बघत होते.

आणि मग सकाळचं ते कापड माझ्या हातात सुलटं झालं. तिला कुणी नेलं नाही, ती आपणहून गेली. काका खोटं बोललेच नव्हते. आम्ही सगळे घोडीसमोर उभे होतो, म्हणून आम्ही "ती" म्हणजे घोडी समजलो.

५

काखेत कळसा आणि गावाला वळसा. जिच्या डोक्यावर मी राहते, तिलाच मी विचारलं नव्हतं.

भाची दाण्याच्या खोलीत नव्हती. दोरीवर तिची राखाडी पँट वाळत होती. ती मी खाली ओढली. उजव्या गुडघ्याला कापड फुगलेलं, विरलेलं. डावा गुडघा कोरा, नवा असताना होता तसाच. जो गुडघा दुमडत नाही त्याचं कापड झिजणार कसं? हे मी गेली दोन वर्षं बघत आले होते, आणि बघायचं नाही म्हणून बघत नव्हते.

मांडीच्या आतल्या बाजूंना मात्र कापड घासून पातळ झालं होतं. खोगिरावर बसणाऱ्या माणसाची पँट तिथेच जाते, छटाकची दर महिन्याला येते. आणि त्यावर कुणीतरी ठिगळ लावलं होतं. टाके असे, की पोतं शिवणाऱ्यालाही लाज वाटावी.

ती मागून आली. पाय ओढत, नेहमीपेक्षा जास्त.

"माझी जाड सुई दे," मी म्हणाले.

तिने खिशातून सुई काढून दिली.

"आयुष्यात कधी बटण लावलं नाहीस तू. आत्या घरात, मशीन घरात, आणि तू स्वतः ठिगळ लावतेस? चोरी करायची तर टाके तरी बारीक घालावेत गं."

मला वाटलं होतं ती रडेल. ती हसली, आणि मग रडली. आम्ही दोघी ओटाच्या पोत्यांवर बसलो. मी तिचं ठिगळ उसवून नीट घालायला घेतलं, कारण माझे हात रिकामे असले की मला ऐकू येत नाही.

"तू तर घोड्याचं नाव काढू देत नव्हतीस," मी म्हणाले.

"कारण काढलं की मला राहवायचं नाही." तिने डोळे पुसले. "डॉक्टर म्हणाले होते, पळवायचं नाही. दादाने ऐकलं, बसायचं नाही. त्या दिवशी त्यानेच मला उचलून वर बसवलं होतं ना, आत्या. त्याला वाटतं त्यानेच मला पाडलं. मी खोगिराकडे नुसतं पाहिलं तरी त्याचा चेहरा कसा होतो, बघितलायस का? म्हणून मी बघणंच सोडलं. मग एकदा काका फुरसतला चालवत होते, मी बरोबर चालत होते. मी दमले. काका म्हणाले, बस तिच्यावर, सोडतो तुला दारापर्यंत. खोकं आणलं. नेहमीसारखं चढता येईना, म्हणून उलटीकडून चढले. ती हललीसुद्धा नाही."

"आणि मग रोज."

"रोज फक्त एक फेरा. चालत. खाली मी लंगडी आहे, आत्या. वर बसले की आम्ही दोघी सरळ चालतो."

माझा टाका चुकला. मी तो काढून परत घातला.

"आज काय झालं?"

"आज तिच्या सुट्टीचा दिवस. जायचंच नव्हतं. पण काल रात्री दादा म्हणाला, शर्यत झाली की मालकीणबाई तिला घेऊन जातील, मोठ्या तबेल्यात. मला वाटलं, शेवटचा फेरा. लांबच्या वळणावर पट्ट्याचं बक्कल निसटलं, मी घसरत खाली आले. लागलं काही नाही. पण परत चढायला तिथं खोकं नव्हतं. चालत यायला इतका वेळ लागला की उजाडलं. खोगीर काढून ठेवलं आणि दादाच्या दाराचा आवाज आला. तिला पुसायचं राहून गेलं." ती थांबली. "काकांना मी म्हटलं, मी सांगते. ते म्हणाले, तू सांगितलंस तर दादा दाण्याच्या खोलीलाही कुलूप लावील. म्हणाले, मी म्हातारा आहे, माझं भागेल."

"आणि तुझं भागतं का त्यात?"

ती पोत्याची शिवण नखाने उकरू लागली.

"मी कुणाचं नाव घेणार नाही," मी दोरा दाताने तोडला. "माझं काम फक्त उसवायचं होतं, शिवायचं तुझं आहे. पण काका संध्याकाळी त्या दारातून बाहेर पडले, तर या घरात मी पुन्हा सुईत दोरा ओवणार नाही. घोडामैदान जवळ आहे."

अंगणात मोटारीचं दार वाजलं. मालकीणबाई वेळेआधीच आल्या होत्या.

६

मालकीणबाई उंच, मितभाषी. त्यांना कसली सबब आवडत नाही आणि कुत्री आवडतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "घोडीला काही झालंय का?"

"नाही बाई," नालबंद पुढे होऊन म्हणाला. "चालवलीये नुसती. मी पैज लावतो."

"पैज तू कशावरही लावतोस," भाचा म्हणाला. त्याने मग काकांकडे पाहिलं. काका गाठोडं घेऊन उभे होते. भाच्याने दिवसभर काही खाल्लं नव्हतं. याच काकांनी त्याला लहानपणी पहिल्यांदा घोड्यापुढे उभं केलं होतं. "काका, शेवटचं विचारतो."

"सकाळी सांगितलं तेच, मास्तर."

दाण्याच्या खोलीचं दार बंद होतं. मी त्या दाराकडे बघत होते आणि ते उघडत नव्हतं.

"मला ती चालताना बघायची आहे," मालकीणबाई म्हणाल्या. "खोगीर घाला."

छटाकने खोगीर घातलं, रोजच्या सरावाचंच. भाचा डाव्या बाजूला वाकला, हाताची ओंजळ केली. छटाकने डावा पाय दुमडला. फुरसत गर्रकन फिरली.

"बघा! हेच म्हणतो मी!" छटाक एका पायावर नाचत ओरडला.

"लगाम सोड," मी म्हणाले.

"काय?"

"सोड रे लगाम. तिला कुठं जायचंय ते तरी बघू."

भाचा माझ्यावर डाफरणार होता, पण छटाकने तोवर सोडलाही होता. फुरसतने मान झटकली. मग ती शांतपणे, कुणी हाक मारल्यासारखी, अंगण ओलांडून मागच्या दाराशी गेली. पालथ्या खोक्याजवळ थांबली. ट्रॅककडे तोंड केलं, एक पाऊल मागे घेतलं, आणि उजवी बाजू खोक्याला बरोबर लावून उभी राहिली. मग दाण्याच्या खोलीकडे मान वळवून खिंकाळली. थोडी थांबली आणि परत खिंकाळली.

काकांनी डोळे मिटून घेतले.

दार उघडलं. भाची बाहेर आली, मी नुकतंच ठिगळ लावलेली पँट घालून. भिंतीला न धरता, तिच्या तिच्या चालीने, एक पाऊल नीट, एक फरफटत, ती घोडीपर्यंत गेली.

"दादा," ती म्हणाली, "ती मला बोलावतेय. काकांनी काही केलेलं नाही. मीच बसत होते."

भाचा तिच्या पायाकडे बघत होता. मग खोक्याकडे, मग काकांकडे. सकाळचं वाक्य त्याच्याही कानात फिरत असावं. ती आपणहून गेली.

"या खोक्यावरून?" त्याने विचारलं. आवाज अगदी बारीक होता.

"हो."

"रोज? कुणी धरायला नाही, पडशील याचा विचार नाही?"

"चढताना काका धरतात. दादा, मी एक फेरा फक्त..."

तो तरातरा पुढे गेला आणि त्याने खोक्याला अशी लाथ घातली की ते भिंतीवर आदळून त्याच्या फळ्या झाल्या. नालबंद मागे सरला. मीही "अरे!" म्हणाले. भाची पांढरीफटक पडली, पण घोडीचा लगाम तिने सोडला नाही.

भाचा घोडीच्या उजव्या बाजूला उभा होता. आयुष्यात कुणालाही त्याने त्या बाजूने वर चढवलं नव्हतं. कुठे उभं राहायचं तेच त्याला कळेना. आधी एक पाय पुढे घेतला, मग दुसरा. मग तो खाली वाकला आणि त्याने दोन्ही हातांची ओंजळ केली.

"पाय दे," तो म्हणाला. मान खाली होती, चेहरा दिसत नव्हता. "उजवा."

तिने उजवा पाय त्याच्या ओंजळीत दिला. त्याने तिला वर उचललं. तिचा डावा पाय सरळच्या सरळ घोडीवरून पलीकडे गेला, अलगद, आणि ती बसली.

"काका," भाचा म्हणाला, "गाठोडं ठेवा ते. डावा पट्टा लांब करा तिचा. कुठल्या भोकात, ते तुम्हालाच माहीत असणार." मग तो थांबला, आणि म्हणाला, "चुकलं माझं."

काकांनी गाठोडं माझ्या हातात दिलं आणि पट्टा लांब केला. जुन्या घडीवर तो आपोआप बसला.

ती निघाली. एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला भाऊ. ते दोघेही वाळूत धडपडत होते, आणि वर बसलेली पोर तेवढी सरळ चालली होती. मला पुढचं नीट दिसलं नाही, डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. पाणीच होतं, उगाच कशाला वाळूवर ढकलू?

मालकीणबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढी शांत मी हिला कधी पाहिली नव्हती. राहू दे ती इथंच." आणि छटाककडे वळल्या. "रविवारी उजवीकडून चढता येईल का तुम्हाला?"

"बाई, लोक हसतील," छटाक म्हणाला.

लोक हसलेच. रविवारी शेकडो माणसांसमोर मास्तरांनी छटाकला चुकीच्या बाजूने घोडीवर चढवलं, आणि फुरसत देवळातल्या दिव्यासारखी स्थिर उभी राहिली. शर्यतीत ती दुसरी आली. पहिली का आली नाही, यावर नालबंदाची नऊ कारणं आहेत, ती त्याच्याकडून ऐका.

माझ्या मशीनवर सध्या भाचीची दुसरी पँट आहे. मांडीच्या आत मी सुरुवातीलाच दुहेरी कापड घालतेय.